डबा घेऊन बाहेर पडणं आता थांबवा

पत्र:

वय 42. अंबडच्या एका कंपनीत 11 वर्षं 8 महिने क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. पाच महिन्यांपूर्वी आमची लाइन बंद झाली आणि आम्हा नऊ जणांकडून राजीनामे लिहून घेतले. पगार 27 हजार होता, त्यात बेसिक आणि डीए मिळून 16 हजार. ग्रॅच्युइटीचं "बघू" म्हणाले, मी पुन्हा गेलोच नाही. बायकोला सगळं माहीत आहे. मुलांना, निफाडकडे गावी असलेल्या वडिलांना आणि बिल्डिंगमध्ये कोणालाही सांगितलेलं नाही. रोज सकाळी साडेसहाला डबा घेऊन निघतो, पांडवलेणीच्या पायथ्याला बसतो, चार वाजता घरी येतो. बायको दोन महिन्यांपासून पवननगरला साडीच्या दुकानात जाते, 8 हजार मिळतात. ते पैसे ती हातात देते तेव्हा मान वर होत नाही. पहाटे तीनला जाग येते, मग झोप नाही. आधी फक्त शनिवारी घ्यायचो, आता आठवड्यातून चार दिवस होतं. मुलगा दहावीला आहे, त्याच्यावर विनाकारण ओरडतो. घराचा हप्ता 12,400. बँकेत 40 हजार उरलेत. कधी वाटतं, मी नसतो तर विम्याचे तरी पैसे यांना मिळाले असते. ते सोडा. मला एवढंच सांगा, मन ताळ्यावर कसं आणायचं?

एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर:

नमस्कार,

विम्याचं वाक्य लिहून तुम्ही लगेच "ते सोडा" म्हणालात. ते सोडता येणार नाही, उत्तर तिथूनच सुरू करायला हवं. नोकरी गेलेल्या, डोक्यावर हप्ता असलेल्या माणसाच्या मनात असा विचार येऊ शकतो. तो आला म्हणून तुम्ही भित्रे ठरत नाही की वाईट बापही ठरत नाही. पण तो मनातच ठेवला तर वाढतो. म्हणून आज रात्री मुलं झोपल्यावर बायकोला सांगा, आणि आडवळणाने नको. "मला मधूनमधून जीव नकोसा होतो. मला हे एकट्याने पेलवत नाहीये." एवढी दोन वाक्यं पुरेत. ती घाबरेल, रडेलही कदाचित. तरी सांगा.

उद्या 14416 वर फोन करा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, मोफत आहे, रात्री-अपरात्रीही चालते आणि मराठीत बोलता येतं. फोन लागला की भाषा निवडायची, मग समुपदेशक बोलतो. गरज वाटली तर तोच पुढे मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतो. समोरासमोर बोलायचं असेल तर त्र्यंबक नाक्याजवळच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, मानसोपचार विभाग आहे. सकाळी केसपेपर काढून ओपीडीत बसायचं. उपचारांचे पैसे लागत नाहीत. विचार नुसता येऊन जाण्याऐवजी त्यात "कधी" आणि "कसं" येऊ लागलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. एकटे राहू नका, 112 लावा किंवा थेट कॅज्युअल्टीत जा. आणखी एक काम बायकोने किंवा भावाने करायचं: गावी मळ्यात फवारणीची औषधं असतील तर ती कुलपात जावीत आणि किल्ली तुमच्याकडे नसावी. अशी वेळ सहसा काही तासांची असते, त्या तासांत धोक्याची वस्तू हाताशी नसणं फार मोठं काम करतं.

डॉक्टर काय विचारतील तेही सांगून ठेवतो, म्हणजे तिथे गेल्यावर जीभ अडखळणार नाही. झोप किती, जाग कधी येते, भूक कशी आहे, वजन उतरलं का, आवडीच्या गोष्टीत मन लागतं का, दारू किती, मरणाचे विचार येतात का, आणि हे किती दिवस चाललंय. एका कागदावर लिहून न्या. उदासी आणि कशातच रस नसणं हे दोन आठवड्यांहून जास्त जवळजवळ रोज असेल, जोडीला झोप-भूक बिघडली असेल, तर तो आजार असू शकतो आणि त्याला औषध आहे. तुमचे पाच महिने झालेत. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. लोक आठ दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडून देतात, किंवा महिनाभराने बरं वाटलं की स्वतःच बंद करतात, आणि तिथेच फसतं. या गोळ्यांची दारूसारखी तलफ लागत नाही. मेडिकलमधून मागून आणलेल्या झोपेच्या गोळ्यांची मात्र सवय लागते. त्या दारूबरोबर तर अजिबात नकोत.

दारूचं आणि पहाटे तीनचं नातंही समजून घ्या. घेतल्यावर डोळा पटकन लागतो, पण शरीर ती पचवत आणतं तशी रात्रीच्या उत्तरार्धात झोप मोडते. म्हणजे ज्या जागरणावर उपाय म्हणून घेताय, त्यालाच ती खतपाणी घालतेय. चारवरून परत एका दिवसावर या. रोजच घेणं होत असेल किंवा सकाळी हात थरथरत असतील, तर एकदम न सोडता आधी डॉक्टरांना सांगा. रोज पिणाऱ्याने अचानक थांबवणं अंगाशी येऊ शकतं.

आता डब्याविषयी.

साडेसहाला निघून चारला परतणं हे तुम्ही घराला धक्का बसू नये म्हणून सुरू केलंत, हे दिसतंय. पण आज तुमचा जास्तीत जास्त ताण नोकरी नसण्याचा नसून हे लपवण्याचा आहे. रोज साडेनऊ तास घराबाहेर काढायचे, ओळखीचं कोणी दिसलं की तोंड चुकवायचं, संध्याकाळी "काय काम होतं आज?" याला उत्तर रचायचं, काल काय सांगितलं ते लक्षात ठेवायचं. बायकोलाही रोज या खोट्यात साथ द्यावी लागते. डबा तीच भरते ना?

शिवाय यात सरळ व्यवहाराचं नुकसान आहे. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत तुमच्या पातळीच्या बऱ्याच जागा जाहिरातीत येतच नाहीत. एखाद्याचा इन्स्पेक्टर सोडून गेला की मालक किंवा मॅनेजर दोन-चार जणांना विचारतो, "कोणी आहे का ओळखीत?" तुमच्या बिल्डिंगमध्ये, मुलाच्या मित्रांच्या घरी कंपनीत जाणारी माणसं असणारच. त्यांच्या लेखी तुम्ही अजून कामावर आहात. तुमचं नाव त्यांच्या तोंडी यायचं कसं?

आणि मुलाला काही कळत नाही असं धरून चालू नका. दहावीतला मुलगा आहे. युनिफॉर्म आठवडाभर धुण्यात पडत नाही, बुटांना कुलंटचा (मशीनवरच्या तेलकट पाण्याचा) वास येत नाही, पगाराच्या दिवशी घरात काही येत नाही, आणि बाबा मात्र जास्त चिडतात. पूर्ण खरं माहीत नसलं की मुलं स्वतःच्या मनाने काहीतरी जुळवतात, आणि बहुतेक वेळा ते खऱ्याहून वाईट असतं: आईबाबांचं भांडण आहे, बाबांना आजार आहे, किंवा माझ्यामुळेच काहीतरी झालंय.

सांगायचा क्रम असा ठेवा. आधी मुलं, मग वडील, मग बिल्डिंगमधलं एक घर, मग बाकीचे. मुलांना दोघांनी मिळून, जेवणानंतर, टीव्ही बंद करून सांगा: "माझ्या कंपनीतली लाइन बंद झाली, पाच महिन्यांपासून मी कामावर जात नाहीये. तुम्हाला काळजी वाटेल म्हणून सांगितलं नाही. घराचा हप्ता आणि तुमची शाळा-क्लास याचं काय करायचं ते आम्ही ठरवलंय. मी दुसरं काम शोधतोय." मुलाला वेगळं सांगा की गेले काही महिने त्याच्यावर जो आवाज चढला त्यात त्याची चूक नव्हती. "तुझ्यासाठीच तर सगळं चाललंय, आता तू तरी चांगले मार्क पाड" हे मात्र कृपा करून म्हणू नका. घराची काळजी त्याच्या दप्तरात टाकल्यासारखं होतं, आणि त्याचा अभ्यास त्याने सुधारत नाही.

वडिलांना फोनवर नको, निफाडला जाऊन सांगा. जाताना तीन गोष्टींची उत्तरं तयार ठेवा, कारण तेच विचारलं जाईल: काय झालं, पैशाचं काय, आता काय करतोयस. त्या पिढीला नोकरी गेली म्हटलं की पोराने काहीतरी गडबड केली असं वाटतं. तेव्हा "नऊ जणांना काढलं, लाइनच बंद केली" हे पहिल्याच वाक्यात येऊ द्या. ते गप्प बसले तर ती शांतता भरून काढायला भराभरा बोलत सुटू नका. जमिनीचा तुकडा विकायची गोष्ट निघाली तर त्या दिवशी हो-नाही काहीच म्हणू नका. "आत्ता गरज नाही, लागली तर मीच सांगेन" इथे थांबा.

लग्नकार्यात, दारात, लिफ्टमध्ये "काय, लागलं का कुठे?" हा प्रश्न येणारच. त्याला एकच ठरलेलं उत्तर पाठ करून ठेवा: "अजून नाही. क्वालिटीचं काम बघतोय, अंबड, सातपूर, सिन्नर कुठेही चालेल. कानावर आलं तर सांगा." ठरलेलं वाक्य असलं की दर वेळी नव्याने ओशाळायला होत नाही, आणि विचारणाऱ्याच्या हाती एक काम लागतं. जवळचे नातेवाईक दर आठवड्याला विचारत असतील तर स्पष्ट सांगा, "काही झालं की पहिला फोन तुम्हालाच. तोवर विचारू नका."

राजीनामा लिहून घेतल्याचा राग तुमच्या पत्रात एकाच ओळीत आहे, पण पहाटे तीनला तोच डोक्यात फिरत असेल. कोणी सही करायला लावली, मी का केली, बाकीचे आठ का गप्प बसले. यावर एक करून बघण्यासारखी गोष्ट आहे. 1990 च्या दशकात अमेरिकेत कामावरून काढलेल्या अनुभवी इंजिनिअरांच्या एका गटाला सलग 5 दिवस, रोज 20 मिनिटं, नोकरी जाण्याबद्दल मनातलं सगळं लिहायला सांगितलं होतं. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर त्या अभ्यासात होते. पुढच्या काही महिन्यांत लिहिणाऱ्यांना न लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर कामं मिळाली. त्यांनी जास्त अर्ज केले होते असंही नव्हतं. मुलाखतीत जुन्या मालकाबद्दलचा कडवटपणा कमी डोकावला असावा, असा त्याचा अर्थ लावला गेला. तुम्हीही करा. वहीच्या सुट्या कागदावर, शुद्धलेखनाची पर्वा न करता, शिव्या आल्या तरी चालतील. लिहून झालं की फाडून टाका, कोणाला दाखवायचं नाही. लिहिताना मन फारच कोसळायला लागलं तर थांबा आणि ते डॉक्टरांपुढे काढा.

दिवसाचं सांगतो. ऑस्ट्रियात मारिएनथाल नावाच्या गावात 1929-30 च्या सुमारास एकुलती एक गिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन बारकाईने नोंदी केल्या. वेळच वेळ हाताशी असूनही लोकांचं वाचनालयातून पुस्तकं नेणं जवळपास निम्म्यावर आलं. पुरुष रस्त्यातून हळू चालू लागले, जागोजागी थांबू लागले. दिवसभरात काय केलं हे त्यांना सांगता येईना. बायकांचं तसं झालं नाही, कारण स्वयंपाक, धुणं, मुलं यांनी त्यांचा दिवस बांधलेला होता. कंपनी पगाराशिवाय आणखीही काही देते: ठरलेली वेळ, चार माणसांची सोबत, "मी अमुक" ही ओळख. ते सगळं एका दिवसात जातं, आणि पगाराइतकं कोणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून वेळ परत बांधायची, पण आठ तासांची नोकरी-शोध-नोकरी करू नका. तेवढा वेळ शोधण्यासारखं काही नसतं. माणूस मोबाइलवर तेच तेच पोर्टल उघडत बसतो आणि दर वेळी रिकामा इनबॉक्स म्हणजे एक नकार होतो. सकाळी साडेनऊ ते साडेबारा शोध, बस. फोन, अर्ज, भेटी सगळं त्यात. संध्याकाळी पाचला एकदा निरोप बघायचे. बाकी वेळ नोकरीची ॲप बंद. आठवड्याचं माप हाती आलेल्या उत्तरांवर ठेवू नका, ते तुमच्या हातात नाही. 10 फोन, 3 प्रत्यक्ष भेटी, 3 नीट लिहिलेले अर्ज, एवढं झालं की आठवडा भरला. रविवारी काहीच नाही.

उठायची वेळ साडेपाच-सहा जी होती तीच ठेवा, रात्री झोप झाली नसली तरी. तीनला जाग आली आणि वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर अंथरुणात लोळत राहू नका. मंद दिव्यात बाहेरच्या खोलीत बसा, मोबाइल नको, डोळे जड झाले की परत या. दुपारी आडवं झालात तर अर्धा तास, गजर लावून. चारनंतर चहा नको. पांडवलेणीची चाल चालू राहू द्या, पण आता ती सकाळची 40 मिनिटांची फेरी असेल. उजेडात, जरा दम लागेल असं चाललं की झोपेला आणि मनाला दोन्हीला मदत होते. घरात बसवत नसेल तर दिवसा एखादी अभ्यासिका किंवा सार्वजनिक वाचनालयाचा वर्तमानपत्रांचा कक्ष गाठा. सावाना, म्हणजे आपलं सार्वजनिक वाचनालय नाशिक, 1840 पासून आहे, तिथे पेपर वाचत बसलेल्या माणसाकडे कोणी वळून बघत नाही.

आणि त्या आठ जणांना जोडा. पाच महिन्यांत त्यांच्याशी बोलला नसाल असा अंदाज आहे. त्रिमूर्ती चौकात आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, अर्धा तास चहा. आधी प्रत्येकाने कुठे काय कानावर आलं ते सांगायचं, मग मालकाला शिव्या. उलट क्रम ठेवला तर शिव्यांतच वेळ संपतो आणि सगळे आणखी खचून घरी जातात.

पैशाचा विचार तुम्ही बहुधा पूर्ण आकड्यापर्यंत नेलेला नाही, अर्ध्यावरच घाबरून सोडता. तो आज पूर्ण करू. ग्रॅच्युइटी हा तुमचा हक्क आहे, राजीनामा दिलेला असला तरी, कारण पाच वर्षांहून जास्त सेवा आहे. हिशेब असा: शेवटचा बेसिक-डीए गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. सहा महिन्यांच्या वर गेलेला तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे तुमची 12 वर्षं. 16,000 ला 15 ने गुणून 26 ने भागलं की 9,230 आणि वर काही पैसे, त्याचे 12 पट 1,10,769 रुपये. कंपनीकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ही रक्कम 30 दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याज लागतं. तुमचा अर्ज उशिरा गेला एवढ्या कारणाने तो नाकारता येत नाही. तरी टाळाटाळ झाली तर कामगार आयुक्त कार्यालयात जा. तिथे राजीनाम्याची गोष्टही काढा. कामगाराला कपात म्हणून काढलं असतं तर एक महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई द्यावी लागली असती. राजीनामा असला की ती टळते, म्हणून तर तो लिहून घेतात. नऊ जणांचे एकाच दिवशी, एकाच मजकुराचे राजीनामे असतील तर ते बोलकं आहे. मुदती असतात, तेव्हा महिनाभरात कामगार कायद्याच्या वकिलाला किंवा युनियनच्या माणसाला कागद दाखवा. जिंकण्याची खात्री कोणी देत असेल तर त्याच्यापासून लांब राहा.

आता वही काढा. तुमच्या घराचा महिन्याचा खर्च हप्त्यासकट 29 हजार धरू, खरा आकडा तुम्ही घाला. बायकोचे 8 हजार वजा केले की तूट 21 हजारांची. आजच्या 40 हजारांवर दोन महिनेही निघत नाहीत. ग्रॅच्युइटी धरून दीड लाख झाले की सात महिने निघतात. बँकेने कर्जाची मुदत वाढवून हप्ता 3 हजारांनी कमी केला तर तूट 18 हजार होते आणि आठ महिन्यांच्या वर जाता. यासाठी शाखेत हप्ता चुकण्याच्या आधी जायचं, राजीनाम्याची प्रत आणि बायकोची पगाराची नोंद घेऊन. 90 दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे बुडीत खात्याच्या यादीत जातं आणि मग मॅनेजरच्या हातात फार काही उरत नाही. मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपना आणि बिनपरवाना सावकाराला हात लावू नका. अगदीच अडलं तर घरातलं सोनं बँकेत तारण ठेवणं बरं.

पी.एफ.चं थोडक्यात. यूएएनच्या (पी.एफ. खात्याच्या कायम नंबरच्या) पोर्टलवर तुमची नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का ते बघा. कंपनीने भरली नसेल तर शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाल्यावर ती तुम्हाला स्वतःला भरता येते. पैसे काढण्याच्या अटी बदलण्याचा निर्णय ऑक्टोबर 2025 मध्ये झाला आहे, तेव्हा आज काय लागू आहे ते पोर्टलवर किंवा सातपूरच्या भविष्य निधी कार्यालयात बघूनच अर्ज करा, आणि लागेल तेवढेच काढा. पेन्शनचा भाग मात्र वेगळा आहे. तुमची वर्गणी सगळी वर्षं नियमित भरली गेली असेल तर 10 वर्षं झाली आहेत, म्हणजे तो रोख काढता येत नाही, वयाच्या 58 नंतर, किंवा कमी रकमेत 50 नंतर, पेन्शन म्हणूनच मिळतो. "काढून देतो, दहा टक्के द्या" म्हणणारा एजंट भेटला तर तो फसवतोय. तुमच्या आठ सोबत्यांपैकी कोणाचा पगार 21 हजारांच्या आत होता आणि ईएसआय (कामगार विमा) कापला जात होता, तर त्यांना सांगा की पात्र बसल्यास बेकारीच्या काळात 90 दिवसांपर्यंत निम्मी सरासरी मजुरी देणारी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. तिची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, आज सुरू आहे का ते ईएसआयच्या शाखा कार्यालयात विचारायला लावा. घरात आजारपण निघालं तर रेशनकार्डावर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना चालते, हे लक्षात असू द्या.

बायकोच्या 8 हजारांनी तुमची मान खाली जाते. ती रक्कम हातात घेणंच बंद करा. ती तिच्या खात्यात राहू दे आणि त्यातून किराणा आणि लाइट बिल तिनेच भरावं. तुम्ही घरातली दोन कामं पूर्णपणे अंगावर घ्या, "मदत" म्हणून नको. सकाळचा चहा-नाश्ता आणि मुलांचे डबे, किंवा धुणं आणि बाजार. सांगावं लागू नये इतकी पूर्ण. ती दुकानात दिवसभर उभी राहून येते. संध्याकाळी घरी आल्यावर भाजी चिरलेली असली तर रात्रीची निम्मी भांडणं होतच नाहीत.

कामाच्या शोधात तुमच्याकडे एक वाट आहे जी कदाचित तुम्हाला दिसली नसेल. अंबड-सातपूरच्या छोट्या गाळ्यांत पूर्णवेळ क्वालिटीचा माणूस परवडत नाही. पण मोठ्या गिऱ्हाइकाचं ऑडिट लागलं की त्यांची धांदल उडते: कंट्रोल प्लॅन (काय, कधी, कसं तपासायचं त्याचा तक्ता) जुना, गेजचं (मोजमापाच्या साधनांचं) कॅलिब्रेशन उलटून गेलेलं, इन्स्पेक्शन रिपोर्ट अर्धे, पीपीएपीची (नवा पार्ट मंजूर करून घ्यायच्या कागदपत्रांची) फाइल अपुरी. हे सगळं तुम्ही बारा वर्षं केलंय. अशा मालकाला "आठवड्यातून दोन दिवस येतो, तुमचे कागद आणि गेज ऑडिटला उभे करून देतो" असं सांगा. ओळखीच्या सप्लायरपासून सुरुवात करा, कारण जुन्या कंपनीत त्यांचेच पार्ट तुम्ही तपासत होतात. दिवसाचा दर आधी ठरवा, पहिल्या भेटीत फुकट फाइल करून देऊ नका. दोन गाळे मिळाले तरी तूट कमी होते आणि मुलाखतीत "सध्या काय करता?" याला खरं उत्तर मिळतं.

बायोडेटा दोन पानांच्या आत ठेवा आणि वर "जबाबदाऱ्या" लिहिण्यापेक्षा काय तपासलं ते लिहा: कोणते पार्ट, किती टॉलरन्स, कोणती उपकरणं, सीएमएम (पार्ट मोजायचं मशीन) हाताळलं का, ऑडिटमध्ये काय भूमिका होती. अंबडबरोबर सिन्नर, गोंदे, दिंडोरीही धरा, पण जाण्या-येण्याचा खर्च पगारातून वजा करून. मुलाखतीत सोडण्याचं कारण विचारलं की "लाइन बंद झाली, नऊ जण गेलो" आणि थांबा. जुन्या मॅनेजरची कहाणी नको. रोजगाराच्या सरकारी महास्वयम पोर्टलवर नोंदणी फुकट आहे. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग किंवा युनिफॉर्मचे पैसे आधी मागणारी "नोकरी" ही नोकरी नसते.

बहुतेक आधी ठेकेदारामार्फतची, 19-20 हजारांची जागा समोर येईल. ती ऐकूनच अपमान झाल्यासारखं वाटेल. त्याच दिवशी उत्तर देऊ नका आणि रागात नकारही देऊ नका. चार गोष्टी विचारा: पी.एफ. आणि ईएसआय पहिल्या महिन्यापासून कापणार का, पगाराची स्लिप मिळेल का, नेमणुकीचा कागद कोणाच्या नावाचा असेल, आणि ओव्हरटाइम कोणत्या दराने. चारही उत्तरं नीट असतील तर तुमच्या वहीतली 21 हजारांची तूट जवळपास भरून निघते. मग ती जागा घ्या आणि शोध चालू ठेवा. स्लिप नाही, कागद नाही अशी असेल, तर गाळ्यांची दोन दिवसांची कामं तिच्याहून बरी. हा निर्णय वही समोर ठेवून बायकोबरोबर बसून घ्या, आणि सकाळी घ्या, पहाटे तीनला नको.